सायकलमहर्षीचे तोंड आणि हात

"पूरग्रस्तांच्या मदतनिधीसाठी सातारा ते सांगली सायकलने जायचं म्हणतोय, पंधरा-वीस हजारांत कुठली घेऊ?" असे एखाद्या नवख्याने साताऱ्याच्या पोवई नाक्यावर चहा पिता पिता विचारावे, की शेजारच्या टेबलावरून सायकलमहर्षी उठून येतोच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी बँकेत, नाहीतर स्वतःचा दातांचा दवाखाना. पोट अजून पूर्वाश्रमीचेच, चड्डी तेवढी युरोपातल्या शर्यतीची. नवखा रुपयांत विचारतो, महर्षी किलोत उत्तर देतो. "ती नको भावा, साडेतेरा किलो भरते!" मग ॲल्युमिनियमची फ्रेम येते, मग कार्बनचा फोर्क, मग "एवढे घालतोयस तर आणखी दहा घाल." चहा संपेपर्यंत वीस हजारांचे पंचाहत्तर झालेले असतात आणि मदतनिधीची खरी गरज नवख्यालाच लागणार हे स्पष्ट झालेले असते. तरीही या माणसाला टाळू नये, असे माझे म्हणणे आहे. फक्त त्याचे तोंड ऐकू नये, हात पाहावेत.

महर्षींची दोन घराणी आहेत. साताऱ्याच्या दारातच यवतेश्वरचा घाट सुरू होतो आणि पुढे कास. त्यामुळे सातारी घराण्यात सगळी विद्या चढाची. फ्रीव्हीलला दाते किती, यावर तिथे माणसाची लायकी ठरते. सांगलीला कृष्णाकाठची सपाटी, म्हणून तिथे ॲव्हरेजची उपासना. "आष्ट्यापासून तिसाचा लावला" हे वाक्य तिथे जेवणाच्या पंगतीतही ऐकू येते आणि टायर करंगळीपेक्षा जाड दिसला, तर माणूस दूधवाला समजला जातो. नवख्याने दोन्हीकडे सल्ला घेतला, तर त्याला दोन सायकली घ्याव्या लागतील.

आता रस्ता काय म्हणतो ते पाहू. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण 740 मीटरवर, सांगली साधारण 550 वर. उंब्रज, कराड, पेठ नाका, आष्टा असे सव्वाशेच्या आसपास किलोमीटर, आणि एकूण हिशेबात उतारच. पृथ्वी आधीच नवख्याच्या बाजूने उभी आहे. वेगाचेही तसेच. लांब पल्ल्याच्या हौशी सायकलस्वारांत मान असलेल्या ब्रेव्हेमध्ये 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहा, वडापाव, पंक्चर सगळे धरून ताशी पंधराहून कमी. राहिले वजन. माणूस आणि सायकल मिळून नव्वद किलो, त्यात पन्नास हजार जादा मोजून तीन किलो वाचवायचे, म्हणजे तिसावा हिस्सा. घाटात त्याचा थोडा फरक पडेल. सपाटीवर खरा विरोध वाऱ्याचा, आणि वारा सायकलीची किंमत विचारत नाही. पैसे वाया जातात ते वेगळ्याच ठिकाणी: रणगाड्यासारखे टायर आणि पुढे सस्पेन्शन असलेल्या त्या भडक सायकलींत, ज्यांच्यावर नवखा प्रथमदर्शनीच भाळतो. साधा फोर्क, तीसपस्तीस मिलिमीटरचे टायर, आपल्या उंचीची फ्रेम, आणि हवेचा वॉल्व्ह मोटारसायकलीसारखा जाड, म्हणजे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. एवढे पाहिले की पुष्कळ झाले.

शेवटी नवखा आपल्या ऐपतीची सायकल घेऊन येतो, आणि महर्षीचा खरा स्वभाव इथे दिसतो. तो गप्प होतो. उकिडवा बसतो, खिशातून ॲलन की काढतो. पॅडल तळाशी नेऊन त्यावर टाच टेकवायला लावतो आणि गुडघा सरळ होईपर्यंत सीट वर घेतो. चाक फिरवून "आऊट आहे" एवढेच पुटपुटतो, तारा कसतो, ब्रेकची रबरे सरळ करतो, चेनला तेल देऊन ते जुन्या बनियनने पुसून घेतो. शंभराचे तेल आणि अर्धा तास. नवखा सांगलीला पोचतो तो या अर्ध्या तासामुळे, आणि त्यात कार्बन हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही.

स्वस्त सायकल महामार्गावर दगा देईल, असा आक्षेप येतो. उलट, साध्या सायकलीचे दुखणेही साधे असते. ब्रेकवायर तुटली तर नवी उंब्रजला मिळेल. हायड्रॉलिक डिस्कचे तेल गळले तर तिथे सहानुभूती मिळेल. सातशेच्या मापाची ट्यूब मात्र लहान गावात मिळेलच असे नाही, म्हणून दोन सोबत न्याव्यात. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यांबाबत महर्षीचे तोंडही खरे बोलते. तिथे काटकसर नको.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा: सायकल कशाला, तेच पैसे सरळ निधीत द्यावेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 1980 साली 36 जणांनी कर्करोग संशोधनासाठी सायकली हाकल्या आणि दहा हजार डॉलरांच्या आसपास जमवले. ती पॅन-मास चॅलेंज अजून चालते आणि एकूण रक्कम अब्ज डॉलरांपलीकडे गेली आहे. कारण तिथे प्रत्येक स्वाराला ठरलेली रक्कम इतरांकडून गोळा करावी लागते. आपल्याकडे झेंडा दाखवायला पाहुणे असतात, एकसारखे टी-शर्ट असतात, पदके असतात. निधीचा आकडा कुणी विचारत नाही. महर्षीही नाही, आणि त्याचा खरा दोष हाच. सायकलीचे वजन तोंडपाठ, पेटीचे ठाऊक नाही.

मग तो हवा कशाला? कारण नवख्याला हवी ती सायकल बहुधा महर्षीच्याच गॅलरीत असते. 2020 च्या टाळेबंदीत घेतलेली, पुढे कार्बनवाली आल्यावर टॉवेल वाळत घालण्यापुरती उरलेली. ती मागावी. आधी तिचा इतिहास सांगेल, मग "विकायची नाही" म्हणेल, आणि रविवारी सकाळी हवा भरून स्वतःच आणून देईल, फुकट. मोहिमेच्या दिवशी तिसाचा ॲव्हरेज सोडून सगळ्यांच्या शेवटी, नवख्याच्या मागोमाग येईल. ही काळजी नवख्याची किती आणि सायकलीची किती, हे कराड येईपर्यंत तरी विचारू नये.