चुलीवरचं, पण...

हायवेला लागलं की पाट्या सुरू होतात: चुलीवरची मिसळ, चुलीवरचं मटण, चुलीवरचा चहा. चुलीवरची कुल्फी तेवढी यायची आहे. 2016 साली उज्ज्वला योजना आली, ती बायकांच्या डोळ्यांतला धूर जावा म्हणून. तोच धूर आता आपण जीएसटी भरून खातो.

परवा अशाच एका ठिकाणी जेवले. दारात सारवलेली चूल, फोटोसाठी बैलगाडीचं चाक. कोपऱ्यातल्या पाट्यावर झेंडूची फुलं मांडलेली, आणि वाटण आत मिक्सरमध्ये घरघरतंय! पाटा इतका गुळगुळीत, की त्याला टाकी लावून पिढी उलटली असावी. असो, शोभेला कशाला हवी धार?

भाकरीवाल्या मावशी मात्र अस्सल. भाकरी तव्यात टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग थेट निखाऱ्यांपाशी उभी केली. टम्म फुगली.

"मावशी, घरी पण चुलीवरच करता?"

"छे गं बाई, घरी गॅस हाय की! ही धग कोण सोसंल?"

बिलात भाकरीचे दर पाहिले. धुराचे वेगळे लावले नव्हते, एवढी मेहरबानी.