कुमारी वार्धक्य

वय वर्षं वीस. खांद्यावर झोळी, झोळीत स्टॉपवॉच, खडू आणि आईच्या शिवणाच्या डब्यातून पळवलेली टेप. वांद्रे पूर्वेच्या जुन्या कॉलन्यांतून हिंडताना ही मुलगी आडवी येतेच. जुहूच्या एसएनडीटीच्या गृहविज्ञान महाविद्यालयात ती मानव विकास शिकते. म्हणजे गर्भापासून स्मशानापर्यंतचा अख्खा माणूस. नातेवाइकांना होम सायन्स म्हटलं की केक आणि भरतकाम आठवतं. "मग शंकरपाळे खुसखुशीत होतात का गं तुझे?" असं मावशी विचारते. ही उलट मावशीच्या गुडघ्यांची चौकशी करते.

तिच्या लेखी म्हातारपण साठीला सुरू होत नाही. हाडांची पुंजी तिशीपर्यंत साठवायची, पुढे नुसता खर्च. म्हणून क्रीम रोल खाणाऱ्या धाकट्या भावाला ती "तुझी ऐंशीतली कंबर आत्ता घडतेय" असं सुनावते. त्यांच्या घरात हल्ली कोणाला साधं रागावताही येत नाही. आजोबा चिडले की ते मानसशास्त्रज्ञ एरिक्सननं आखलेल्या आयुष्याच्या टप्प्यांपैकी आठव्या टप्प्यात असतात, भाऊ दार आपटून गेला की पाचव्या. आई सातव्या टप्प्यात मुकाट्यानं पोळ्या लाटते.

कॉलनीतल्या बाकावर तिचं नाव 'कुमारी वार्धक्य'. बाकावरचे बहुतेक जण मंत्रालयातून ५८व्या वर्षी निवृत्त झालेले. 'आता काय राहिलंय' हे त्यांचं पालुपद. ते कानावर पडलं की ती महर्षी कर्व्यांना बाहेर काढते. जन्म १८५८, महिला विद्यापीठ काढलं १९१६ साली. "करा वजाबाकी, काका." उत्तर नेमकं ५८ येतं. वर शंभरीत भारतरत्न आणि १०४ वर्षांचं आयुष्य. "त्यांना संध्याकाळच्या मालिका नव्हत्या," एक काका पुटपुटतात.

मध्यंतरी तिनं बाकापाशी 'उठा आणि चाला' ही चाचणी मांडली. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंदांच्या वर गेलात तर पडण्याचा धोका. वॉचमनची खुर्ची आणली, खडूनं रेघ मारली. पहिला मान एका निवृत्त अवर सचिवांचा. गडी ताठ उठला, तरातरा रेघेपर्यंत गेला आणि नेमकी तिथं कोळीण आली.

"पापलेट कसं दिलंस?"

घासाघीस झाली, कल्ले उचलून पाहिले, पुन्हा घासाघीस. घड्याळ चालूच. कुमारीनं गंभीरपणे वहीत लिहिलं : तीन मिनिटं दहा सेकंद, धोका तीव्र.

बातमी पसरली. दुसऱ्या दिवसापासून बाकावरची मंडळी पहाटे चोरून सराव करू लागली. कोणी नातवाचे बूट घालून आलं, कोणी 'घड्याळ उशिरा थांबवलं' म्हणून पंचांशी भांडलं. "माझा सगळा नमुनाच बाटला!" असं म्हणत ती डोक्याला हात लावून बसली असतानाच अवर सचिवांनी तिच्या हाती टंकलिखित अर्ज ठेवला :

'विषय : फेरचाचणी घेणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर विलंब हा गुडघ्यांमुळे नसून पापलेटमुळे झालेला आहे. तरी वहीतील "तीव्र" हा शेरा वगळण्यात यावा. प्रत माहितीस्तव : १) मा. प्राचार्य, २) कोळीण.'