साडेनऊकर

मराठी आडनावं बहुधा गावावरून पडतात, आणि तीही गाव सुटल्यावर. पुण्यात राहणाऱ्याचं आडनाव पुण्यातच पुणेकर पडत नाही. निपाणीचा माणूस कोल्हापुरात येऊन स्थिरावला की मग तो निपाणीकर. न्यू जर्सीत एडिसन आणि आयसेलिनच्या पट्ट्यात, ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानांच्या आसपास, याच नियमानं एक नवं घराणं उदयाला आलंय. त्यांचं गाव मात्र नकाशात सापडत नाही, घड्याळात सापडतं. हे साडेनऊकर.

डोंबिवलीतल्या घड्याळापेक्षा एडिसनचं घड्याळ साडेनऊ तास मागे असतं. तेही बारमाही नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका आपली घड्याळं तासभर पुढे ढकलते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेते. त्यामुळे आपला हा गृहस्थ उन्हाळ्यात साडेनऊकर आणि हिवाळ्यात साडेदहाकर. कॅलिफोर्नियातला त्याचा मावसभाऊ उन्हाळ्यात साडेबाराकर. लंडनचा मेहुणा आणि सिडनीची बहीण जूनमध्ये दोघंही साडेचारकर, फक्त एक भारताच्या मागे आणि एक पुढे. आकडा बदलतो, ‘साडे’ कोणाचा सुटत नाही. ग्रिनिचपासून भारत साडेपाच तास पुढे आहे. त्यातला तो अर्धा तास, बॅगेत सांडलेल्या लोणच्याच्या तेलासारखा, घराण्यातल्या प्रत्येकाच्या कपड्यांना लागलेला आहे.

साडेनऊकराला लग्नाचा वाढदिवस लक्षात राहत नाही. पण संध्याकाळी साडेसातचा आयपीएलचा सामना म्हणजे आपल्याकडे सकाळचे दहा, दुपारी साडेतीनचा म्हणजे सकाळचे सहा, हे तो झोपेतही बिनचूक सांगतो. त्याच्या आजोबांनी पावकी, निमकी आणि औटकी घोकली होती. नातवानं साडेनवकी तोंडपाठ केली.

इतक्या तयारीच्या माणसालाही एकदा घड्याळानं धोबीपछाड घातली. ५ नोव्हेंबर २०२३, रविवार. विश्वचषकात ईडन गार्डन्सवर भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, आणि विराट कोहलीचा पस्तिसावा वाढदिवस. भारताचा सामना दुपारी दोनला, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचारला, हे महिनाभर अंगवळणी पडलेलं. नेमकी त्याच रात्री दोन वाजता अमेरिकेनं घड्याळं मागे घेतली. फोनमधलं घड्याळ आज्ञाधारकपणे मागे गेलं, गजर नव्या साडेचारला वाजला, आणि हा डोळे चोळत खाली येतो तर सामना सुरू होऊन तास उलटलेला. रोहित शर्मा २४ चेंडूंत ४० धावा करून तंबूत परतलेलासुद्धा. पुढे कोहलीनं एकोणपन्नासावं शतक ठोकून तेंडुलकरची बरोबरी केली, ते यानं डोळ्यांनी पाहिलं. पण त्या दिवसाचा विषय निघाला की साडेनऊकर शतकाबद्दल चकार शब्द काढत नाही. तो अमेरिकी सरकारच्या कारभाराबद्दल बोलतो.

त्याचं स्टेडियम घराच्या तळघरात आहे. बायकोनं दिवाणखान्यातून हद्दपार केलेला सोफा, आईनं शिवलेली गोधडी आणि समोर भिंतभर टीव्ही. अडचण एकच. घर लाकडी, वरच्या मजल्यांवर माणसं झोपलेली, आणि खाली शिंकलं तरी वर ऐकू जातं. त्यामुळे साडेनऊकरानं एक कला कमावली आहे. तिला मुकी बोंब म्हणता येईल. तोंड पूर्ण उघडं, दोन्ही हात वर, मानेच्या शिरा ताणलेल्या, आवाज शून्य. चहा मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचा, आणि शेवटचा सेकंद उरला की झडप घालून दार उघडायचं, नाहीतर ते यंत्र बोंबलतं.

मुकी बोंब सर्वांत जास्त लांबली ती १९ जानेवारी २०२१ला. ब्रिस्बेनच्या गॅबावर ऑस्ट्रेलिया ३२ वर्षं कसोटी हरला नव्हता. ऋषभ पंतचा विजयाचा चौकार गेला, तो नाबाद ८९वर पोहोचला, आणि एडिसनमध्ये रात्रीचे अडीच वाजले होते. या गृहस्थानं गोधडी डोक्यावरून घेतली आणि तिच्या आत तो नाचला. सकाळी नऊला ऑफिसची मीटिंग होती. करोनाचे दिवस, मीटिंग घरूनच. कॅमेरा बंद ठेवण्याचं कारण त्यानं ‘नेटवर्क’ असं सांगितलं.

या घराण्याचा इतिहास तसा हालअपेष्टांचा. आधीच्या पिढीनं शॉर्टवेव्ह रेडिओच्या खरखरीतून धावा वेचल्या. मग इंटरनेट आलं. १९९३ साली मिनेसोटा विद्यापीठात सायमन किंग या इंग्रज संशोधकानं क्रिकइन्फो सुरू केलं. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर रात्र काढणारी भारतीय उपखंडातली पोरं तिथे जमली. एकजण दुसऱ्या गोलार्धातून चेंडूगणिक टंकत होता आणि बाकीचे अक्षरांकडे बघत क्रिकेट ‘पाहत’ होते. साडेनऊकर अमेरिकेत आला तेव्हा डिश अँटेनाचे दिवस होते. २००३च्या विश्वचषकासाठी मित्रांनी वर्गणी काढली, एकाच्याच घरी पॅकेज घेतलं आणि वीसजण त्याच्या गालिच्यावर झोपायला गेले. अंतिम सामना पहाटे तीनला सुरू झाला. झहीरच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. ऑस्ट्रेलियाचा डाव २ बाद ३५९ वर संपेपर्यंत वर्गणीचे पैसे वाया गेल्याचं सर्वांच्या लक्षात आलं होतं. तरी उठून कोणी गेलं नाही. गाड्या बर्फात होत्या हे एक कारण, आणि जागा बदलली की विकेट जात नाही हे दुसरं.

आता त्याच्या घरी विलो वाहिनी आहे. क्रिकेटचा प्रश्न मिटला. प्रश्न जाहिरातींचा आहे.

लोकांना वाटतं, परदेशात गेलेल्या माणसाला सामना चुकल्याचं दुःख होतं. खरं तर त्याला दोन षटकांच्या मधल्या जागेचं दुःख होतं. भारतात त्या जागेत सिमेंट, गंजी, पानमसाला आणि नवी मोटारसायकल येते. साडेनऊकराच्या पडद्यावर व्हिसाचा वकील येतो, मग पैसे पाठवणारी कंपनी, मग लांब दाण्याचा बासमती, आणि मग पुन्हा तोच वकील, त्याच टायमध्ये. एका मोसमात हा वकील त्याला कोहलीपेक्षा जास्त वेळा दिसला. कधीकधी जाहिरातही नसते. तेव्हा तो एका पंचाला पाणी पिताना पाहतो आणि डोंबिवलीत या क्षणी कोणती जाहिरात लागली असेल याचा विचार करतो. फेब्रुवारीत ऑफिसमधले सहकारी त्याला सुपर बोल बघायला बोलावतात आणि आम्ही खेळापेक्षा जाहिराती बघतो असं हसत सांगतात. त्या एका बाबतीत त्याला अमेरिका मनापासून समजली आहे.

शेवटी त्यानं उपाय केला. २०२३ साली आयपीएलचं इंटरनेटवरचं प्रक्षेपण भारतात १२ भाषांत झालं, त्यांत मराठीही होती. पण ते भारताबाहेर दिसेना. मग भाच्यानं त्याच्या लॅपटॉपवर व्हीपीएन बसवून दिलं. ज्या माणसानं आपण अमेरिकेतच राहतो हे सरकारला पटवण्यासाठी बारा वर्षं कागद गोळा केले, त्याचा लॅपटॉप आता आपण भारतातच आहोत असं शपथेवर सांगू लागला. मराठी समालोचन ऐकून साडेनऊकर दहा मिनिटं गहिवरला. अकराव्या मिनिटाला, बाळ ज. पंडितांची सर याला नाही, असं म्हणून त्यानं ते बंद केलं. गहिवर आणि तक्रार यांत एवढंच अंतर राखायची त्याच्या घराण्याची रीत आहे.

व्हीपीएननंही एक गोष्ट जमली नाही. इंटरनेटवरून येणारं चित्र समुद्र ओलांडता ओलांडता अर्ध्या मिनिटानं रेंगाळतं. डोंबिवलीत बाबांच्या घरी केबल आहे. त्यामुळे साडेनऊकराच्या पडद्यावर गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला विजार वर ओढत असतो, आणि फोनवर बाबांचा संदेश येतो: ‘गेला.’ कोण गेला हे ते लिहीत नाहीत. एकदा हा संदेश आला तेव्हा यानं घाबरून आईला फोन लावला होता.

त्यानं बाबांना अनेकदा विनवलं. बाबांना ते पटत नाही. पहाटे पाचला ऑस्ट्रेलियातली कसोटी सुरू झाली की तेच त्याला लहानपणी हलवून उठवायचे. मुलाला क्रिकेटची बातमी आपण द्यायची, हे त्यांच्या लेखी पित्याच्या कर्तव्यांतलंच एक. २ एप्रिल २०११ला वानखेडेवर धोनीनं षटकार मारून विश्वचषक जिंकून दिला तेव्हाही फोन त्यांचाच आधी आला. एडिसनमध्ये शनिवारची दुपार होती. हा धावत अंगणात गेला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. समोरचा शेजारी गाडी धूत होता, त्यानं सभ्यपणे हात हलवला. यानंही हलवला आणि तो परत आत आला. मग बाबांना उलट फोन लावून म्हणाला, “बाबा, फोन जरा गॅलरीबाहेर धरा ना.” बाबांनी धरला. आंतरराष्ट्रीय कॉलचे पैसे मोजून त्यानं सात मिनिटं डोंबिवलीतले फटाके ऐकले.

बदला घ्यायची संधी मिळाली ती तेरा वर्षांनी. ९ जून २०२४, टी-ट्वेंटी विश्वचषक, भारत विरुद्ध पाकिस्तान, आणि सामना चक्क लाँग आयलंडवर, आयझेनहॉवर पार्कमधल्या तात्पुरत्या स्टेडियममध्ये. खेळपट्ट्या ॲडलेडच्या तज्ज्ञांनी फ्लोरिडात वाढवून ट्रकमधून आणलेल्या. भारतात रात्री आठला टीव्हीसमोर बसता यावं म्हणून सामन्याची वेळ सकाळी साडेदहाची. क्रिकेट साडेनऊकराच्या दारात आलं, पण डोंबिवलीच्या घड्याळानंच आलं.

मैदानात बसल्यावर पहिली अर्धी दुपार त्याला करमेना. रिप्ले नाही, समालोचन नाही, वकीलसुद्धा नाही. भारताचा डाव ११९वर आटोपला. मग बुमरानं रिझवानचा त्रिफळा उडवला, आणि साडेनऊकराच्या डोक्यात प्रकाश पडला. आयुष्यात पहिल्यांदा तो पुढे होता. थरथरत्या बोटांनी त्यानं फोन लावला आणि तो ओरडला, “बाबा, रिझवान गेला!” इथे मुकी बोंब मारायचं काही कारण नव्हतं.

पलीकडे क्षणभर शांतता. “अरे गाढवा,” बाबा म्हणाले, “इथे अजून चेंडू पडायचाय!”

भारत ६ धावांनी जिंकला. त्यानंतर तीनच दिवसांनी त्याच मैदानावर भारत विरुद्ध अमेरिका. अमेरिकेकडून पहिलं षटक टाकायला आला सौरभ नेत्रावळकर. मुंबईत जन्मलेला, मुंबईकडून रणजी खेळलेला, शिकायला अमेरिकेत आलेला आणि ओरॅकलमध्ये नोकरी करणारा. म्हणजे घराण्यातलाच, साडेबाराकर शाखेचा. त्यानं कोहलीला पहिल्याच चेंडूवर शून्यावर परत पाठवलं आणि पुढच्या षटकात रोहितला ३ धावांवर. साडेनऊकराचा एक हात आनंदानं वर जायला निघाला आणि खांद्याशी अडला. शेजारी बसलेला त्याचा एडिसनमध्ये जन्मलेला मुलगा मात्र खुर्चीवर चढून नाचत होता. “पण बाबा, हा आपलाच आहे ना?” तो विचारत होता. दोघांपैकी ‘आपला’ कोण, हे त्याला विचारायचं धाडस यानं केलं नाही. पुढे दोन षटकांमध्ये तिसऱ्यांदा मिनिटापेक्षा जास्त वेळ लावला म्हणून अमेरिकेला ५ धावांचा दंड झाला आणि भारत सात गडी राखून जिंकला. घड्याळापायी इतकं सोसलेल्या घराण्याचा वारस शेवटी घड्याळापायीच मार खातो, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

त्याच वर्षीचा नाताळ. बाहेर शेजाऱ्यांच्या घरांवर दिव्यांच्या माळा, संध्याकाळचे साडेसहा. मेलबर्नला बॉक्सिंग डे कसोटी सुरू होत होती. वर्षातले हे मोजके दिवस साडेदहाकराच्या भाग्याचे. भारतात लोक पहाटे पाचला कुडकुडत उठतात, आणि हा पोटभर जेवून, दिवे लावून, बायकोच्या परवानगीनं दिवाणखान्यातल्या टीव्हीसमोर बसतो. त्यानं डोंबिवलीला फोन लावला. “बाबा, उठलात का?”

“कधीच. चहा झाला. तू आवाज कमी कर, सगळं दोनदा ऐकू येतंय.”

त्यानं आवाज कमी केला. फोन दोघांनीही ठेवला नाही. एकोणीस वर्षांचा सॅम कोन्स्टास पहिलीच कसोटी खेळत होता. समोर बुमरा, ज्याला कसोटीत तीन वर्षांहून अधिक काळ कोणी षटकार मारला नव्हता. एडिसनमध्ये बुमरा नुकताच वळून रनअपला निघाला होता, तोच फोनमधून “अरे देवा!” ऐकू आलं.

“काय झालं?” हा ताडकन उठला. “बाबा, काय झालं?”

“काही नाही,” डोंबिवलीहून उत्तर आलं. मग कपबशीचा आवाज आला. “तू बघ. मी सांगत नाही.”

साडेदहाकर उभाच राहिला. बुमरा अजून धावत होता.