तीन नंबरचे नाना

धुळ्याच्या देवपुरातून उज्जैन-ओंकारेश्वरला निघणारी गाडी पहाटे पाचची ठरते आणि सव्वासहाला एकवीरा देवीच्या दारात नारळ फोडून हलते. मधला सव्वा तास ड्रायव्हरशेजारच्या सीटपायी जातो. तिथे नाना बसणार हे आठ दिवस आधीच सगळ्यांना ठाऊक असतं, पण नाना आपण होऊन कधीच पुढे बसत नाहीत. आधी क्रुझरच्या मागच्या आडव्या बाकापर्यंत जातात, गुडघ्यांवर हात ठेवून उसासा टाकतात आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हणतात, ‘‘माले मागे गाडी लागस ना भो.’’ मग चार जण विनवतात. मग नाना पुढे येतात.

देवपूरच्या प्रत्येक गल्लीत असे एक नाना असतात. कुठे त्यांना आप्पा म्हणतात, कुठे बापू. स्टिअरिंगला जन्मात हात लावलेला नसतो, तरी गाडी तेच चालवतात. ड्रायव्हरने गिअर बदलला की नानांचा डावा पाय दाबला जातो आणि समोरून ट्रक आला की उजवा पाय ब्रेक शोधतो.

यात गावाचाही थोडा दोष आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, सोलापूरचा रस्ता इथूनच फुटतो. रेल्वेचं म्हणाल तर 1900 साली चाळीसगावहून फाटा आला, तो धुळ्यात थांबला तो थांबलाच. मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या मार्गाला केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली, तेव्हा नानांनी बातमी वाचून पेपरची घडी घातली आणि चहा मागवला. ही रेल्वे त्यांच्या लहानपणापासून येतेच आहे.

त्यामुळे नाना वाढले ते रस्त्यांवर. आग्रा रोड म्हणजे ‘तीन नंबर’, सुरत रोड म्हणजे ‘सहा नंबर’. 2010 मध्ये सरकारने महामार्गांचे नंबरच बदलले. इंदूरकडे जाणारा रस्ता आता 52 आहे आणि सहाचा 53 झाला. हे कुणी सांगितलं की भाडेकरूने दारावर स्वतःची पाटी ठोकावी तसे नाना त्याच्याकडे बघतात.

नगावबारी मागे पडली की समालोचन सुरू. सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी कुठल्या दुकानात घ्यावीत हे ते मागच्या बायकांना सांगतात. त्या बायकांच्या घरी तिथले हंडे त्यांच्या सासवांपासून आहेत. सावळद्याला तापी आली की काच खाली होते, हात जोडले जातात, नाणं उडतं, कठड्यावर आपटतं आणि रस्त्यावरच पडतं. पुण्य मात्र जमा. टोलनाक्यावर ते निम्मं अंग बाहेर काढतात, ‘‘लोकल शे भो, देवपूरनी गाडी!’’ फास्टॅग सक्तीचा झाला तो फेब्रुवारी 2021 मध्ये. नाना बोलायला सुरुवात करतात तोवर पैसे कापलेले असतात, दांडा वर गेलेला असतो आणि मागचा ट्रक हॉर्न बडवत असतो.

खरी लढाई मागे बसलेल्या भाच्याच्या मोबाइलशी. बिजासन घाटात ट्रकवाले देवीसमोर थांबतात, म्हणून नानाही गाडी थांबवायला लावतात. इथवर ठीक. पण सेंधव्याला मोबाइल बाहेरून जा म्हणतो आणि नाना म्हणतात, ‘‘गावातून घे, मी सांगस ना.’’ गावात बाजार भरलेला असतो. पाऊण तास गाडी कांद्याच्या ढिगाशेजारी उभी राहते. ‘‘आधी इथं असं नव्हतं,’’ नाना म्हणतात. हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही.

डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा असतो. दुधात मळलेली दशमी दोन-तीन दिवस सहज टिकते. तरी ढाबा हवाच, आणि तोही ट्रक जास्त उभे असतील तोच. तिथे सेव-टमाटर येतं. नाना वाटीत बोट बुडवतात, तर्री शोधतात आणि थेट स्वयंपाकघरात जातात, ‘‘भैया, इसमें थोडा तिखट डालो ना.’’

खलघाटच्या पुलाजवळ मात्र ते गप्प होतात. 18 जुलै 2022 ला इंदूरहून अमळनेरला येणारी एसटी तिथे नर्मदेत कोसळली. तेवढा पूल नाना कुणाला काही समजावत नाहीत.

आणि रात्री एकला जुलवानियाजवळ टायर बसतो, तेव्हा भाच्याचा मोबाइल चौदा किलोमीटरवरचं बंद दुकान दाखवतो. नाना अंधारात चालू लागतात. वीस मिनिटांनी जॅक घेतलेल्या माणसाबरोबर बिडी ओढत परत येतात. त्या माणसाच्या बापालाही ते ओळखत असतात. नानांना हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

अलीकडे नानांना पंचाहत्तर पूर्ण झाली. एसटीत या वयाला ऑगस्ट 2022 पासून तिकीट लागत नाही, म्हणून ते एकटेच इंदूरच्या गाडीत चढले, अर्थात पुढच्या सीटवर. कंडक्टरने सांगितलं, सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, पुढचं तिकीट काढावं लागेल. नानांनी पैसे मोजले. पण पळासनेरची हद्द तो समजतो त्याच्या दोन किलोमीटर पुढे आहे, हे त्याला पटवून दिल्यावरच.