विसार

विसार आणि विसर या दोन शब्दांत फक्त एका कान्याचा फरक आहे. त्या कान्याची किंमत पंधरा हजार रुपये. डिचोलीच्या एका शाळेत एकतीस वर्षे मराठी शिकवूनही हे मला निवृत्तीनंतर, स्वयंपाकघरात बादल्या मांडताना कळले.

आमचे घर कौलारू. कौलांच्या पोटावर मंगळूरचा ठसा आहे. बाझल मिशनच्या जर्मन लोकांनी १८६५ साली मंगळुरात कौलांचा पहिला कारखाना काढला, तेव्हा त्यांनी ऊन, वारा, पाऊस सगळ्याचा विचार केला असणार. डिचोली तालुक्यातल्या माकडांचा केलेला दिसत नाही. आमच्या आढ्यावर सकाळी सातला त्यांची शाळा भरते. विषय एकच, उड्या. शिमग्यापर्यंत दीडशे कौले फुटली होती आणि दोन वासे वाळवीने आतून पोकळ केले होते. आमच्याकडे चार महिन्यांत १२० इंचांच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला निम्मा थेट आमच्या पोह्यांच्या डब्यात पडणार हे उघड होते.

मेस्त मला बुधवारच्या बाजारात भेटला. सुतार-मेस्त्रीला आम्ही मेस्त म्हणतो. हा माझा जुना विद्यार्थी. वडील तालुक्यात नावाजलेले सुतार, पण याने रंधा ठेवून खाणीवर टिप्पर घातला. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, टिप्पर अंगणात उभा राहिला, त्याच्या चाकांवर वेली चढल्या आणि हा वडिलांच्या हत्यारांकडे वळला. भर बाजारात, मिठाच्या ढिगाशेजारी तो माझ्या पाया पडला. तिथेच माझे निम्मे पैसे गेले.

दुसऱ्या दिवशी तो खरोखर आला, हे मला आजही नोंदवून ठेवावेसे वाटते. कानावर पेन्सिल, हातात विजेरी. शिडीवर चढून त्याने एकेका वाशावर बोटाच्या सांध्याने टकटक केली आणि कान लावून ऐकले. छातीचा डॉक्टरही माझ्यासाठी इतका वेळ थांबलेला नाही. "मास्तर, हो वासो गेलो," तो हळू आवाजात म्हणाला. माझा चेहरा पडला असावा, कारण त्याने लगेच धीर दिला. किंदळाचे वासे घालू, रीप नवी मारू, चार दिवसांचे काम. फक्त लाकडाला विसार, म्हणजे आगाऊ पैसे, हवेत.

"कौले खाली उतरली की निम्मे दे," असे बायकोने आतून खुणेने सुचवले. मी तिला व्यवहार कळत नाही अशा अर्थाने हसलो. माणसे मी ओळखतो. एकतीस वर्षे माणसेच घडवली. फोन काढला, पंधरा हजार पाठवले, आणि शेरा लिहायची जागा रिकामी दिसली म्हणून तिथे 'शुभेच्छा' असे लिहिले.

"येतां हां, मास्तर," म्हणून तो निघाला.

इथे व्याकरण शिकवणाऱ्याने सावध व्हायला हवे होते. आपल्याकडे निघालेला माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. त्यावरून तो येणार आहे असे कोणी समजत नाही. मी समजलो.

त्यानंतरचे दोन महिने थोडक्यात सांगण्यासारखे आहेत. शिरगावच्या जत्रेला तो लईराई देवीचा व्रतस्थ धोंड, सोवळ्यातल्या माणसाला वाशांचे कसे विचारणार? मग गिरणीत लाकूड कापायची पाळी लागेना. मग पुरुमेंत आले, पावसाळ्याची बेगमी. सुके बांगडे, कोकम, चिंच, सरपण सगळ्यांनी भरायचे असते, मेस्तानेही. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "फाल्यां सकाळीं येतां." फाल्यां म्हणजे उद्या, हा कोशातला अर्थ झाला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस वेळेवर आला. तेवढा एकच.

भाचा वकील आहे. तो म्हणाला, "२०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीसुद्धा लागत नाही. पावती दाखव." मी फोन दाखवला. त्याने शेरा वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. "मामा, आयोग विचारील, मुंज होती की लग्न?"

शेवटी भर पावसात मी स्वतः त्याच्या घरी गेलो. वाटेत भाषण पाठ केले. सुरुवात सौम्य, मध्ये श्रमप्रतिष्ठा, शेवटी पोलीस. त्याच्या घरासमोर पोचलो आणि सुरुवातच विसरलो. मेस्ताच्या छपरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, निळी ताडपत्री होती. आत तीन बादल्या आणि एक टोप. त्याच्या आईने गळतीच्या दोन धारांमधली कोरडी जागा बघून मला पाट दिला आणि चहा ठेवला.

"हें कितें रे?"

"घरचें काम फाल्यां करतां," मेस्त म्हणाला.

मग मात्र मला मास्तरकी चढली. फाल्यां म्हणजे काय, भविष्यकाळ म्हणजे काय, दिलेला शब्द म्हणजे काय, असे मी त्याला विचारले. तो नम्रपणे ऐकत होता. माझे संपल्यावर म्हणाला, "मास्तर, सातवेंत काळांचो धडो तुमी शिकयिल्लोच ना. फाल्यां घेतां म्हणिल्लें."

चहा निवेपर्यंत मी आठवत बसलो. त्या वर्षी मला निवडणुकीचे काम लागले होते. मग स्नेहसंमेलन, मग परीक्षा. काळ राहिला तो राहिलाच. पगार मात्र मी बाराही महिन्यांचा घेतला होता. मेस्त हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला, मास्तर इंग्रजी 'मास्टर'वरून, आणि दोघांचा आजोबा एकच, लॅटिन 'माजिस्तेर'. ही व्युत्पत्ती मी वर्गात फार ऐटीत सांगत असे. नातेवाइकाकडून वसुली करायची नसते. उठताना त्याच्या आईने दोन नीरफणस दिले. घरी बायकोने पिशवीत डोकावून पाहिले आणि काही न बोलता एक कापायला घेतला. साडेसात हजाराला एक.

चतुर्थीला तो न बोलावता आला, सहकुटुंब. गणपतीवर टांगलेल्या माटोळीकडे बघता बघता त्याची नजर वर छपराकडे गेली. आम्ही घातलेली ताडपत्री त्याला मुळीच पटली नाही. गाठ चुकीची होती म्हणे. दोन नेवऱ्या खाऊन त्याने मला बाजूला घेतले आणि किंदळ महाग झाल्याचे सांगितले. आरतीची वेळ झाली होती, पाहुणे बघत होते. मी आणखी दोन हजार दिले.

आता कार्तिक लागला आहे. वासे तेच, माकडे तीच. डिचोली-साखळीकडे कौले परतणारा दुसरा कोणी मेस्त ठाऊक असेल तर कळवा. विसार काम झाल्यावर मिळेल. आणि त्या दोन हजारांचे आमच्या घरी बोलू नका.