प्लस-मायनस

बेगमपुऱ्यातल्या आमच्या माडीवरची खोली विद्यापीठाच्या पोरांसाठीच आहे. इतिहासवाले राहून गेले, रसायनवाले राहून गेले, राज्यशास्त्राचा एक जण भाडं बुडवून थेट राजकारणात गेला. पण एम.एस्सी. फिजिक्सचा नमुना वेगळा. कधी तो जिंतूरचा असतो, कधी गेवराईचा, कधी भोकरदनचा. चेहरा बदलतो, सामान तेच: गादीची वळकटी, ग्रिफिथ्सच्या पुस्तकाची झेरॉक्स आणि तोंडात एक शब्द.

"जेवायला किती वाजता येशील रे?"

"आठ वाजता काकू. प्लस-मायनस वीस मिनिटं."

भाड्याचंही तसंच. पाच तारीख, प्लस-मायनस सात दिवस. यातल्या मायनसचा अनुभव मला अजून यायचाय.

त्रुटीची मर्यादा न सांगता आकडा सांगणं त्याच्या लेखी थापच. दूधवाल्याचं लिटर, रिक्षावाल्याचं 'दोन मिनिटात सोडतो', माझं वय, सगळ्यांवर त्याचा संशय. मुलगी बघायला निघालेल्या आमच्या भाच्याला त्याने विचारलं होतं, "उंची पाच-तीन म्हणजे कशानं मोजली?" भाच्याने त्याला सोबत नेलं नाही.

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट सुरू होतो आणि आमच्या घराला फेराइटचं सुतक लागतं. कोबाल्ट नायट्रेट, फेरिक नायट्रेट आणि वाण्याकडे मिळतं तेच लिंबूसत्व पाण्यात विरघळवायचं, अमोनिया घालून सामू सातवर आणायचा, मग तापवत बसायचं. तासन् तास. मिश्रण आटतं, चिकट होतं, फुगतं आणि एकाएकी आपणहून पेट घेतं. उरते ती काळसर राख. ती भट्टीत भाजायची. भट्टी चालू असताना हा वीज मंडळाशी इतक्या नम्रतेने वागतो की बिलसुद्धा मुदतीच्या आत भरून येतो. माझं.

शेवटी एवढ्याशा कुपीत चिमूटभर भुकटी. आमच्या हिने ती दंतमंजन समजून झाकण उघडलं तेव्हा तो जिन्यावरून ओरडत आला, "काकू, सहा महिने आहेत त्यात!" मग तिची समजूत पटावी म्हणून कुपीला चुंबक लावून दाखवला. भुकटी आतून काचेला चिकटली. "मग याचं करायचं काय?" हिने विचारलं. तो म्हणाला, "एक्सआरडी." पुढे क्ष-किरणांच्या आलेखावरचं शिखर जितकं रुंद तितके कण बारीक, असा हिशेब मांडून त्याने आकार काढला: बावीस नॅनोमीटर. अर्थात प्लस-मायनस दोन. मागच्या भाडेकरूचेही बावीसच निघाले होते. मी बोललो नाही.

उपयोजित भौतिकशास्त्र बघायचं तर पाहुण्यांना घेऊन तो पाणचक्कीवर जातो. आमच्या घरापासून चालत जाण्याजोगी. शेकडो वर्षांपूर्वीचं काम. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून सोडलेलं आणि त्या जोरावर जातं फिरवलेलं. मोटार नाही, स्टार्टर नाही. तो दाबाचं गणित सांगत असतो, पाहुणे हौदातले मासे बघत असतात. मलिक अंबरच्या नहरीपर्यंत पोचला की त्याचा आवाज भरून येतो. मग रात्री दोनला आमच्या गल्लीत कित्येक दिवसांनी नळ येतो आणि तोच पोरगा बनियनवर बादल्या घेऊन जिना उतरतो. जायकवाडीचं पाणी कधी येणार, याला मात्र तो प्लस-मायनसही लावत नाही. "तेवढी रुंद पट्टी आलेखात बसत नाही, काका."

गावाकडचे वडील सहा महिन्यांतून एकदा येतात, तुरीची डाळ घेऊन. औंढा नागनाथला 'लायगो' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार हे त्यांनी पेपरात वाचलेलं. 2023च्या एप्रिलमध्ये केंद्राने 2600 कोटी मंजूर केले तेव्हापासून कात्रण खिशात. पोरगा हरखून सांगतो: चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, त्यांच्यातून लेझर, आणि प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही बारीक फरक टिपायचा! वडील शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "तिथं क्लार्कची जागा निघंल का?"

त्यांचंही चूक नाही. हे शिकून पुढे काय, तर नेट किंवा सेट, मग तासिका तत्त्वावर कुठेतरी तास, नाहीतर वाळूजच्या कंपनीत क्वालिटी विभाग. क्वालिटीवाले याला डोक्यावर घेतील, असं मला वाटतं. तिथे पगारच प्लस-मायनसचा असतो. पण त्याला नेट हवी. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव हिस्सा गुण कापणारी ती परीक्षा त्याने एकदा दिली आणि मायनस म्हणजे काय ते त्याला कळलं.

परवा विचारलं, "यंदा?"

"डिसेंबरला निघणार."

"प्लस-मायनस किती?"

"यात नाही काका. शंभर टक्के."

मी आत जाऊन पुढच्या वर्षाच्या भाडेकराराचा कागद काढला आणि त्याचंच नाव घातलं.