हिला सोसत नाही

प्रत्येक गावात एक येझदीवाले काका असतात. कुठे ते जावावाले असतात, कुठे राजदूतवाले, कुठे आरएक्स हंड्रेडवाले, वाण एकच. आमचे काका मिरजेत राहतात. त्यांचं वय सत्तरीच्या अलीकडे, गाडीचं चाळिशीच्या पलीकडे. "काका, तब्येत काय म्हणते?" असं विचारलं तर उत्तर येतं, "परवापासून आयडलिंगला जरा अडखळतीय." गुडघा रोज रात्री शेकावा लागतो ही बातमी काकूंकडून कळते.

गाडी म्हणजे रोडकिंग. म्हैसूरच्या आयडियल जावाची, अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक, दोन बाजूंना दोन सायलेन्सर. एकच दांडा, आत दाबून मागे उभा केला की किक, पुढे पाडला की गिअर. कारखाना 1996 मध्ये बंद पडला, पण काकांच्या लेखी तो जेवणाच्या सुट्टीसाठी बंद आहे. 2022 मध्ये येझदी नावाच्या नव्या गाड्या आल्या तेव्हा काका शोरूममध्ये जाऊन आले. भोवती एक फेरी मारली, "फोर-स्ट्रोक?" एवढंच विचारलं आणि चहा न घेता परतले.

अशा माणसाला म्हातारपणी एक शत्रू लागतो. काकांना तो पेट्रोलमध्ये सापडला. ते त्याला इथेनॉल म्हणत नाहीत, 'रस' म्हणतात. मध्यंतरी पंपावर त्यांनी पोराला विचारलं, "बाळ, रस नसलेलं हाय का?" पोरगं म्हणालं, "रसवंती पुढच्या चौकात आहे, काका." तेव्हापासून त्या पंपावर ते फक्त हवा भरायला जातात.

या विषयावर त्यांचं व्याख्यान तयार असतं आणि त्याची सुरुवात गावाच्या अभिमानाने होते. "2001 साली पेट्रोलमध्ये पाच टक्के रस घालून बघायचा प्रयोग झाला. कुठं? मनमाड, बरेली आणि आपली मिरज! म्हणजे हिनं तेव्हाच चाखलाय." 'ही' म्हणजे गाडी. मग 2022 ला दहा टक्के झाले, 2025 ला वीस. "पाच होता तवर हिनं तक्रार केली नाही. दहा झाला, गप्प बसली. आता वीस. हिला सोसत नाही."

हे वाक्य ते फोनवर मिस्त्रीलाही ऐकवतात. एकदा काकू भाजी निवडत असताना आतून आवाज आला, "हिला रात्रभर गळती हाय, सकाळी किती लाथा घातल्या तरी उठत नाही." दारात उभी असलेली नवी भाडेकरीण पंधरवडाभर काकांशी बोलली नाही.

काकांचा दिवस पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून वास घेण्याने सुरू होतो. पेट्रोल भरलं की लिटरला चाळीस मिली टू-टी ऑईल स्वतःच्या हाताने मोजून घालायचं आणि मग हँडल धरून गाडी डावी-उजवीकडे डुलवायची, दोन्ही नीट मिसळावं म्हणून. सगळ्यात अवघड विधी मात्र परतीचा. रसवालं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये साचून राहू नये म्हणून घराच्या अलीकडे, मारुतीच्या देवळापाशी, ते चालत्या गाडीवरूनच पेट्रोलचा कॉक बंद करतात. फ्लोटमधलं पेट्रोल बरोबर फाटकाशी संपलं पाहिजे. इंजिन फाटकाशी मेलं तर तो दिवस सार्थकी लागला. वाटेत कुणी "काय काका, कुठं निघालात?" म्हणून थांबवलं की हिशेब चुकतो आणि गाडी ढकलत आणावी लागते. त्यामुळे देवळापासून फाटकापर्यंत काका कुणालाही ओळख देत नाहीत.

घरी पाहुणा आला की चहाबरोबर प्रयोग असतो. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तसलं मापाचं काचेचं नळकांडं त्यांनी आणून ठेवलंय. त्यात 80 मिली पेट्रोल, 20 मिली पाणी. हलवायचं, ठेवायचं. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. 20 चा थर 36 च्या आसपास गेला की काका नळकांडं पाहुण्याच्या नाकासमोर धरतात. "बघा. सोळा मिली रस. पैसे पेट्रोलचे दिलेत." पाहुणा लग्नपत्रिका द्यायला आलेला असतो. तो पत्रिका कपाखाली सरकवून निघतो.

काकांचं सगळंच चूक नसतं, म्हणून तर त्यांना टाळता येत नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली आणि पाणी हद्दीबाहेर गेलं, की पाणी आणि इथेनॉल एक होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि कॉक नेमका तळाशी असतो. ऑईल वर पेट्रोलसोबत राहतं. म्हणजे किक मारल्यावर इंजिनाला मिळतं ते ऑईलविना पाणीमिश्रित अल्कोहोल, आणि टू-स्ट्रोकचा पिस्टन त्या ऑईलवरच तगून असतो. जुने रबरी पाइप आणि सील फुगतात, चिरतात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जोर सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे जुन्या जेटमधून इंजिनाला जेवण अपुरं पडतं आणि प्लग पांढरट दिसू लागतो. प्लग चॉकलेटी दिसावा म्हणून काकांनी मेन जेट एका नंबरने वाढवला. पूर्वी सुपारी असायची त्या डब्यात आता जेट असतात. एकदा चुकून एक पानात गेला होता.

बाकी अर्धा दोष वयाचा, असं मिस्त्री हळूच सांगतो. "काका, जेटमध्ये अडकलाय तो कचरा वीस वर्षांचा. रसानं फक्त तो सोडवला." काकांना हे पटत नाही. मागच्या महिन्यात टायर पंक्चर झाला, त्याचाही संशय त्यांनी रसावरच घेतला. पुण्याचा मुलगा सांगतो, "बाबा, एप्रिल 2023 नंतरच्या गाड्या वीस टक्क्यांसाठीच बनवल्यात. एखादी घेऊन टाका." काका म्हणतात, "तुझी गाडी कागदावर पचवती. ही कागद वाचत नाही."

आता खरी गंमत. काकांची कृष्णेकाठी तीन एकर शेती आहे आणि तीन एकरांत ऊसच आहे. ऊस कारखान्याला जातो. कारखान्याची डिस्टिलरी आहे आणि तिथे इथेनॉल होतं. तोडीला टोळी वेळेवर आली नाही की काकांची झोप उडते, बिल लांबलं की रक्तदाब वाढतो. ऊसदराच्या बैठकीत हेच काका उभे राहून बोलले होते, "इथेनॉलमधनं एवढा पैसा येतोय, शेतकऱ्याचा वाटा कुठाय?" टाळ्या पडल्या. बैठकीला ते येझदीवरून गेले होते. परत येताना गाडी अंकलीच्या पुलावर बंद पडली आणि तिथे त्यांनी जे उद्गार काढले ते बैठकीतल्या भाषणाच्या अगदी उलट होते.

हे मी एकदा धाडस करून बोलून दाखवलं. काका जरा वेळ नळकांड्याकडे बघत राहिले. म्हणाले, "हल्ली उसापेक्षा मक्याचं जास्त असतंय. माझ्या उसाचं असतं तर हिला त्रास झाला नसता."

यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. येझदीचा कारखाना बंद पडून तीस वर्षं होत आली, तरी ती गाडी रस्त्यावर आहे ती अशाच हट्टी, एकतर्फी, सुपारीच्या डब्यात जेट जपणाऱ्या माणसांमुळे. तुमच्या घरात किंवा शेजारी असे काका असतील तर त्यांच्याशी वाद घालू नका, तो तुम्ही हरणार आहात. त्यापेक्षा पावसाळ्याआधी त्यांना टाकी रिकामी करायला मदत करा, रबरी पाइप नवा आणून द्या. आणि ते देवळापासून फाटकाकडे येत असतील तर कृपा करून हाक मारू नका.